नांदेड सिटी नव्हे, नांदेड

परदेशात एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पुण्यात कुठे?" तुम्ही पुण्याचे आहात का, असं कुणी विचारत नाही. तो निकाल आधीच लागलेला असतो, फक्त पेठ ठरायची बाकी असते. लंडनमध्ये गणपतीच्या आरतीनंतर, एका हातात मसालेभाताची कागदी थाळी आणि काखेत कोट अशा अवस्थेत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की हल्ली उत्तर देण्याआधी मी थाळी खाली ठेवतो. वेळ लागणार हे माहीत असतं.

"पुण्यात नाही. मी नांदेडचा."

"हो का! आमच्या वहिनींचा तिथेच फ्लॅट आहे. पण सिंहगड रोडला ट्रॅफिक काय वाढलंय हो!"

पुण्यात सिंहगड रस्त्याला 'नांदेड सिटी' नावाची वसाहत उभी राहिली आणि आमच्या गावाचा उरलासुरला पत्ताही गेला. पूर्वी लोक निदान "नांदेड म्हणजे नाशिककडे ना?" असं चुकायचे. चुकणाऱ्याला सुधारता येतं. वहिनींचा फ्लॅट असणाऱ्याला कोण सुधारणार? तरी मी नेटानं सांगतो, "मराठवाड्यातलं नांदेड. गोदावरीकाठचं." त्यावर समोरचा एकदम मवाळ होतो. दुखवट्याला आल्यासारखा आवाज लावून म्हणतो, "अच्छा, मराठवाडा... तिकडे पाण्याचे फार हाल ना? रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं." ते लातूर, साल 2016, आणि पाणी मिरजेहून आलं होतं, एवढं सांगून होईपर्यंत त्याला कोथरूडचं कुणीतरी दिसतं आणि तो जातो. लातूरकराचं एक बरं आहे. 'लातूर पॅटर्न'मुळे त्याच्या गावाचं नाव निदान बारावीच्या आईबापांना ठाऊक असतं. नीटच्या क्लासांची गर्दी आता आमच्याकडेही तेवढीच आहे, पण पॅटर्नवर नाव आधी लातूरनं टाकलं, त्याला इलाज नाही.

आणि हाच मी साउथॉलला टॅक्सीत बसतो तेव्हा काय होतं ते ऐका.

साउथॉल म्हणजे लंडनच्या पश्चिमेचं उपनगर. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीबरोबर गुरुमुखी, रस्त्याला गरम जिलबीचा वास, आणि हिथ्रो विमानतळ इतका जवळ की उतरणाऱ्या विमानाचं पोट दिसतं. टॅक्सीवाला आरशातून बघत विचारतो, "इंडिया विच कित्थों, अंकलजी?" मी म्हणतो, महाराष्ट्र. तो म्हणतो, बंबई? मी म्हणतो, "नहीं जी, नांदेड."

गाडीचा वेग कमी होतो. रेडिओ बंद होतो.

"हजूर साहिब? तुसीं हजूर साहिब दे हो?"

इथून पुढं माझं माझ्यावर काही चालत नाही. त्याच्या बीजींना डोळे मिटायच्या आत एकदा हजूर साहिबला, म्हणजे आमच्या गावच्या गुरुद्वाऱ्यात, जायचं असतं. चाचाजी 2008 साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला जाऊन आलेले असतात आणि त्यांनी आणलेला कडा अजून कुणाच्या तरी मनगटात असतो. तुम्ही तर रोजच दर्शन घेत असाल? गोदावरीत रोज स्नान? (आमच्या घाटावरचं पाणी बघून मी रोज बादलीत स्नान केलं, पण अशा वेळी मी हसून मान हलवतो.) उतरताना तो भाडं घेत नाही. उलट खिशातून दहा पौंडांची नोट काढून माझ्याच हातावर ठेवतो आणि सांगतो, "अगली बार जाओगे तो गोलक में डाल देना जी. मेरी तरफ से मत्था टेक देना."

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात एक जाडजूड पाकीट आहे. त्यावर बायकोनं बॉलपेननं 'गोलक', म्हणजे गुरुद्वाऱ्यातली दानपेटी, असं लिहिलंय. आत पौंडाच्या नोटा आहेत, नाणी आहेत, कुणीतरी घाईत दिलेली कॅनडाची एक नोट आहे आणि चिठ्ठ्या आहेत. एकीवर मुलाच्या व्हिसाचं साकडं, एकीवर गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख, एकीवर नुसतंच 'बीजी'. मी गावी निघालो की आधी ते पाकीट पिशवीत जातं, मग माझे कपडे. बायको साताऱ्याची आहे. ती म्हणते, "तुमच्यापेक्षा तुमच्या गावाची मिळकत जास्त आहे." हे ती कौतुकानं म्हणत नाही.

या मानपानात माझं कर्तृत्व शून्य आहे, हे मला कळतं. सगळा हिशोब 1708 सालचा. गुरू गोविंदसिंगजी जन्मले पाटण्यात, खालसा स्थापन केला 1699 मध्ये आनंदपुरात, आणि देह ठेवला आमच्या गोदावरीकाठी. आपल्यानंतर देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, हा निर्णय त्यांनी नांदेडात दिला. शिखांची तख्तं पाच : अमृतसर, आनंदपूर, तलवंडी साबो, पाटणा आणि नांदेड. म्हणजे जगातल्या कुठल्याही गुरुद्वाऱ्यात, व्हँकुव्हर असो की नैरोबी, ग्रंथापुढं जो माणूस वाकतो तो आमच्या गावात घेतलेल्या निर्णयापुढं वाकतो. विधानसभेत नांदेडच्या कुठल्याही निर्णयाला एवढी मान्यता मिळालेली माझ्या ऐकिवात नाही.

त्याच 1708 मध्ये माधवदास नावाचा एक बैरागी गोदावरीकाठी मठ करून राहत होता. गुरूंची गाठ पडली, त्याचा बंदासिंग बहादूर झाला, तो पंजाबात गेला आणि 1710 मध्ये त्यानं मोगलांचं सरहिंद घेतलं. नांदेडातून बाहेर पडून नाव काढणाऱ्या मुलांच्या यादीत आम्ही त्याला पहिला नंबर देतो. तो मूळचा जम्मूकडचा, हे खरं आहे. पण पुणं नाही का, चार वर्षं होस्टेलला राहून गेलेल्यालाही आपला म्हणत? मग आम्हीच काय घोडं मारलंय?

लंडनमध्ये पाहुणे आले की लोक त्यांना राजवाडा, पूल आणि मोठं घड्याळ दाखवतात. मी नांदेडच्या पाहुण्यांना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये नेतो आणि महाराजा रणजितसिंगांच्या सोन्याच्या सिंहासनापुढं उभं करतो. हाफिज मुहम्मद मुलतानी या कारागिरानं घडवलेलं, खाली कमळाच्या पाकळ्या, आत लाकूड आणि वर सोन्याचा पत्रा. इंग्रजांनी 1849 मध्ये पंजाब घशात घातला तेव्हा हेही उचलून आणलं. कोहिनूर याच खजिन्यातला, तो पलीकडं टॉवरमध्ये आहे. पण माझे पाहुणे हिऱ्याचं फार विचारत नाहीत, कारण या सिंहासनावरच्या माणसानं आमच्या गावासाठी खर्च केलेला आहे. सचखंडाचं, म्हणजे हजूर साहिबाचं, आजचं मंदिर रणजितसिंगांनीच 1832 ते 1837 या काळात बांधवलं. लाहोरात बसून, मध्ये सगळा हिंदुस्थान पसरलेला असताना, निजामाच्या मुलखातल्या एका गावात. आमच्या एका काकांनी ते सिंहासन बराच वेळ न्याहाळलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्यानं पैसा धाडला अन् काम पाच वर्षांत झालं. आमच्या गल्लीतली नाली किती वर्षं झाली रे?" म्युझियममधल्या रखवालदारानं आमच्याकडं बघितलं. मी काकांना कॉफी प्यायला खाली नेलं.

निजामाचं नाव निघालंच आहे तर त्याच्या लंडनच्या खात्याचंही सांगून टाकतो. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. त्या धामधुमीत लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले निजाम सरकारचे दहा लाख पौंडांहून थोडे अधिक पैसे पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळते झाले. निजामानं ते परत मागितले. बँक म्हणाली, मालक कोण ते आधी ठरवा. 1957 मध्ये प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि तिथं गोठलं. शेवटी 2 ऑक्टोबर 2019 ला लंडनच्या न्यायालयानं सांगितलं, पैसे भारताचे आणि निजामाच्या वारसांचे. व्याज धरून रक्कम झाली होती साडेतीन कोटी पौंड. ती बातमी आली त्या दिवशी माझ्या ऑफिसातल्या कुणालाही तिचं काही वाटलं नाही. मला वाटलं. त्या दहा लाखांत आमच्या आजोबांनी ज्वारी विकून भरलेला शेतसारा असणारच. 71 वर्षं आमचा सारा लंडनच्या बँकेत होता, आणि हे लोक मला विचारतात, इंग्लंडशी तुमचा संबंध केव्हापासून?

आजोबांबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. आमच्या घराण्यातला पहिला परदेशस्थ मी नव्हे, ते. आणि त्यांनी घर सोडलं नाही. जुन्या नांदेडातल्या त्याच माळवदाच्या घरात, त्याच पलंगावर, ते आधी निजामाच्या राज्यात राहिले. मग भारतातल्या हैदराबाद राज्यात. 1956 ला सकाळी उठून बघतात तो मुंबई राज्यात. 1960 ला महाराष्ट्रात. भाषावार रचनेत मुधोळ, भैंसा आमच्या जिल्ह्यातून पलीकडं गेलं आणि आदिलाबादेतून किनवट अलीकडं आलं, त्यामुळे आमच्या दोन आत्या रात्रीतून परप्रांतीय झाल्या. माहेरपणाला त्यांना आता राज्य ओलांडून यावं लागे. याबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आत्यांना विचारून काही करायची पद्धत तेव्हा घरातही नव्हती.

परदेशप्रवास मात्र आजोबांनी केला होता. रझाकारांचा धुमाकूळ वाढला तेव्हा 1948 च्या सुरुवातीला बायकापोरं बैलगाडीत घालून ते पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेले. उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे भारतात. नांदेड तेव्हा भारतात नव्हतं. हैदराबादच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या सरहद्दीवरच्या छावण्यांपैकी एक तिथं होती. आजोबांकडं पासपोर्ट नव्हता, व्हिसा नव्हता, होता तो हाली रुपया. पलीकडच्या दुकानदारानं तो उलटसुलट करून बघितला आणि कलदार मागितला. निजामाच्या सात हाली रुपयांना इंग्रजांचे सहा कलदार पडायचे. विमानतळावर चलन बदलून देणाऱ्या खिडकीशी माझी दरवेळी हुज्जत होते, ती आमच्या घराण्यात उमरखेडपासून चालत आलेली आहे.

या राज्यांच्या उलथापालथीचा हिशोब मला चुकता करावा लागला तो वडिलांना लंडनला बोलावताना. व्हिसाच्या अर्जात जन्मतारखेचा एक रकाना असतो. वडिलांना तीन जन्मतारखा होत्या. आजीच्या म्हणण्यानुसार ते अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर झाले, दारात आंब्याची पाटी येऊन पडली होती. जुन्या उर्दू कागदात 'तीर 1345 फसली' लिहिलेलं होतं. फसली सालात 590-91 मिळवले की इसवी सन येतो, तीर महिना आपल्या मेच्या आसपास, म्हणजे हा कागद आणि आजीची आंब्याची पाटी यांचं बरंचसं जमत होतं. तिसरी तारीख शाळेच्या दाखल्यावरची : 1 जून. मराठवाड्यात त्या पिढीतला निम्मा माणूस 1 जूनला जन्मलेला आहे, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तरांना एक तारीख लिहायला सोपी पडायची. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "यातली खरी कुठली?" वडील शांतपणे म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. आम्हाला कोणतीही चालते." पुढं लंडनला त्यांच्या वाढदिवसाला आम्ही 1 जूनलाच केक आणला. त्यांनी मेणबत्ती फुंकली आणि विचारलं, "आज कुणाचा आहे?"

मराठी माणसाच्या प्रवासवर्णनात या असल्या गोष्टी येत नाहीत. माझी तक्रार आहे. परदेशी निघायच्या आधी मी गावातल्या वाचनालयातली प्रवासवर्णनं पालथी घातली होती. विष्णुभट गोडसे वरसईहून निघतात ते थेट सत्तावन्नच्या बंडात जाऊन पडतात, आणि ते पुस्तक छापून यायला 1907 साल उजाडतं. पंडिता रमाबाई 1889 मध्ये अमेरिकेची लोकस्थिती लिहितात, आणि ती अजून वाचावी अशी आहे. पुलंची 'अपूर्वाई' तर तोंडपाठच. पण हे सगळे लोक बंदराकडून निघतात. आमच्याकडून बंदर इतकं लांब की तिथवर पोचण्याचंच एक प्रवासवर्णन होईल. पुलंचा माणूस बोटीत बसून घरची आठवण काढतो. आमचा माणूस घरची आठवण काढायला परभणीलाच सुरुवात करतो, मनमाडला डबा संपवतो आणि पुण्यात होस्टेलच्या खोलीवर पोचून जेव्हा "काय करायलास?" म्हणतो तेव्हा खोलीतले तिघं हसतात. परदेश तिथं लागतो. पुढं लंडनला माझ्या इंग्रजीला कुणी हसलं नाही. हसले असतील तर पाठीमागं, आणि एवढी सभ्यता मला पुरे आहे.

गंमत म्हणजे आमच्या मुलखावर लिहिणारा पहिला कादंबरीकार इंग्रज निघाला. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला साहेब. ठगांच्या कबुलीजबाबावरची त्याची कादंबरी 1839 ची आहे. व्हिक्टोरिया राणी तेव्हा नुकती गादीवर आली होती. 1853 नंतर काही वर्षं त्याच्याकडं नळदुर्गचा कारभार होता, आणि नळदुर्ग म्हणजे लातूरच्या शेजारचंच. पुढं 'तारा' नावाची कादंबरी लिहिली त्यानं, तिची सुरुवात तुळजापुरात होते. मेडोज हे नाव आपल्या लोकांच्या जिभेवर 'महादेव बाबा' झालं होतं, असं तो आत्मचरित्रात मोठ्या खुशीनं सांगतो. मला त्याचं कळतं. परक्या मुलखात लोकांनी आपलं नाव मोडून का होईना घेतलं की माणूस सुखावतो. माझ्या ऑफिसात माझ्या नावाची पहिली दोन अक्षरंच वापरात आहेत, उरलेली मी दिवाळीला वापरतो.

तरीही देशांतराच्या आणि साहित्याच्या बाबतीत आमचा दावा जुना आहे. नांदेडहून दोन-अडीच तासांवर हिंगोली जिल्ह्यात नरसी आहे. तिथले नामदेव महाराज तेराव्या-चौदाव्या शतकात पायी पंजाबात गेले आणि गुरदासपुरातल्या घुमानला राहिले. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. एका गावातून शिंपी गेला, साडेतीनशे वर्षांनी शेजारच्या गावात गुरू आले, आणि ज्या ग्रंथाला इथं गुरुपद मिळालं त्यात त्या शिंप्याचे शब्द आधीपासून बसलेले होते. योगायोग जुळवणाऱ्या कादंबरीकाराला मी हे प्रकरण छापायला दिलं असतं तर त्यानं 'अतिरंजित' म्हणून परत केलं असतं. 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. तेव्हा पुण्यामुंबईचे साहित्यिक खास रेल्वेनं पंजाबात गेले आणि येऊन त्यांनी लिहिलं की पंजाबी लोक मराठी माणसाचं किती प्रेमानं स्वागत करतात. आम्हाला हे माहीत होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

विचारायची पद्धत मात्र एका माणसाच्या बाबतीत होती. नरहर कुरुंदकर. इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झालेले आणि पुढं नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले. आमच्या गावात मुलगा नापास झाला की बाप आजही त्यांचं उदाहरण देतो, आणि मुलगाही देतो, फक्त दोघांचा हेतू वेगळा असतो. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची प्रस्तावना आहे, ती कादंबरी न आवडलेल्या लोकांनीही वाचलेली आहे. मनुस्मृती, नाट्यशास्त्र, इस्लाम, गांधी, हैदराबादचा लढा, कुठल्याही विषयावर या माणसानं नांदेडात बसून लिहिलं, आणि पुण्याला त्याची दखल घ्यावी लागली. 10 फेब्रुवारी 1982 ला, पन्नाशीही गाठायच्या आत, ते गेले. मी तेव्हा शाळेत होतो. मोठी माणसं ओट्यावर गप्प बसून होती एवढं आठवतं. गप्प बसलेली माणसं आमच्या गल्लीत पहिल्यांदाच दिसत होती.

मी लंडनला आलो तेव्हा सामानात कुरुंदकरांची 'जागर' आणि 'शिवरात्र' होती. थंडीत, चार वाजता अंधार पडल्यावर, मी ती पुन्हा पुन्हा वाचली आणि एक अप्रिय गोष्ट लक्षात आली. जग बघायला मी इतका लांब आलो होतो आणि मला दिसत होतं ऑफिस, सुपरमार्केट आणि उशिरा येणारी बस. तो माणूस गोदावरीकाठी राहून जग बघत होता. प्रवासानं दृष्टी व्यापक होते म्हणतात. ज्यांची होते त्यांची होत असेल. माझ्या पोटाची व्याप्ती वाढली.

गावी गेलो की पुन्हा सगळं उलटं. स्टेशनवर उतरतो ते 'हुजूर साहिब नांदेड' या पाटीखाली. राज्य महाराष्ट्राचं, पण रेल्वे दक्षिण मध्य, तिचं मुख्यालय सिकंदराबाद. निजामाची रेल्वे जाऊन किती काळ लोटला, तरी आमच्या गाडीला सिग्नल अजून तिकडूनच मिळतो. 1948 ला मुक्त झालो ते आम्ही, आमचे रूळ नव्हेत. बाहेर आल्याबरोबर रिक्षावाला माझ्या बॅगेकडं आणि बुटांकडं बघून म्हणतो, "हुजूर साहिब जाना क्या, साब? यात्री निवास?"

"नाही बा, वजिराबादला."

"मग आधीच मराठीत सांगायचं की हो. बसा." आणि भाडं लगेच निम्म्यावर येतं. जन्मगावानं दिलेली ही सवलत मी अजून कुठल्याही पासपोर्टवर मिळवू शकलेलो नाही.

घरी आत्या वाट बघत असतात, राज्य ओलांडून आलेल्या. "किती वाळलास रे! तिकडं ज्वारी भेटती का? भाकर कोण करतंय?" पगार विचारून होतो, तो रुपयांत करून होतो, मग त्यातून घरभाडं वजा करून सगळ्यांचा जीव खाली पडतो. सकाळी नाश्त्याला सुशीला, दुपारी अंबाडीची भाजी, आणि संध्याकाळी मी ते पाकीट घेऊन सचखंडला निघतो. संगमरवरावर अनवाणी पायांना गारवा लागतो. रांगेत पुढं टोरंटोचं कुटुंब असतं, मागं बर्मिंगहॅमचं. त्यांना कळतं की मी इथलाच, आणि बर्मिंगहॅमच्या आजी माझ्या पायाला हात लावायला वाकतात. मी मागं सरकतो, मागच्याचा पाय तुडवतो, सॉरी म्हणतो, तोही सॉरी म्हणतो. गोलकात साउथॉलच्या नोटा टाकतो. एकेका चिठ्ठीचं नाव मनात घेतो. बीजींचं आधी.

मग लंगरात बसतो. शेजारी स्थानिक शिखांची पोरं वाढायला असतात, पिढ्यान्पिढ्या नांदेडात राहिलेली. त्यातला एक डाळ वाढताना मला विचारतो, "काका, पुण्याहून आलात का?"

पुणेकर वाचकांना एक विनंती. एकदा नांदेडला या. वहिनींच्या फ्लॅटवर जाऊन आलात तर ते धरलं जाणार नाही. मनमाडपर्यंत तुमचं तुम्ही या आणि तिथं अमृतसरहून येणारी सचखंड एक्सप्रेस पकडा. या गाडीला वाटेतल्या स्टेशनांवर लंगर असतो, छत्रपती संभाजीनगरला हमखास मिळेल. डाळ, भाजी, पोळी, सगळं फुकट, आणि पेठ विचारत नाहीत. तेव्हा डबा करून आणू नका. ताट आणि वाटी मात्र घरून आणा, ती गाडीत मिळत नाही.